समेच्या थोडं आधी

नावाड्याची अट साधी आहे:
चौसष्ट ठोके, एकही न चुकता,
मग तो होडी सोडणार.
पलीकडे जगाचा अंत होऊ घातलाय,
काळा राजा किल्ल्यात बसलाय,
आणि माझा सरदार, माझी वैदू, माझा तीन शेपट्यांचा कोल्हा
एकवीस दिवस धक्क्यावर उभे आहेत,
जागच्या जागी श्वास घेत, खाली-वर, खाली-वर.
राजाही थांबलाय बिचारा.
एवढा सोशिक शत्रू मुरोरानमध्ये कुणाला मिळतो?

चुकलं की नावाडी म्हणतो,
‘लाटेला तुझं मन कळलं नाही.’
हे वाक्य मी आता दात घासताना म्हणते.

लय मला नवी नाही.
जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळी,
भाताच्या मधोमध एक खारवलेलं उमे ठेवते मी.
पट्टा सरकतो, डबा येतो, उमे.
डबा येतो, उमे.
रात्रीत सहा हजार.
जांभई देता देता, नणंदेला मनात उत्तरं देता देता,
एकदा तर मास्कमध्ये शिंकूनसुद्धा, समेवर.
आणि या बोटांना
एक चित्रातला ढोल नापास करतो?

घोडं अडतं बावन्नाव्या ठोक्यापाशी.
पगाराच्या पाकिटामागे लिहून काढलं:
डावं डावं वर, गप्प, उजवं.
‘गप्प’भोवती लाल पेन्सिलीनं गोल.
तरी त्या गोलात माझा अंगठा पडतोच,
माशी दुधात पडावी तसा.

पहाटे तीनच्या सुट्टीत हाचियांना सांगितलं.
ते पूर्वी पोलादाच्या भट्टीवर वायरमन होते,
आता पट्ट्याच्या टोकाला झाकणं लावतात.
माशाचा काटा काढता काढता त्यांनी विचारलं, टीव्ही कुठला?
चपटा, म्हटलं. मोठा. हप्त्यांवरचा.
‘मग तोगाशी-सान, तुमचं बरोबर आहे. टीव्ही उशिरा बोलतो.
पापणी अर्धी मिटेल, एवढाच उशीर.
तुम्ही ऐकता तेव्हा ठोका होऊन गेलेला असतो.’

होऊन गेलेला.
घरी जाताना चढावर, बर्फात
हे दोन शब्द बुटाखाली करकरत राहिले.

मग मी ऐकणं सोडलं.
आवाज तळाशी नेला, शून्यावर,
आणि अंधारात जिन्याची पुढची पायरी असणारच
असं धरून पाऊल टाकतात ना,
तसा अंगठा टाकत गेले, समेच्या थोडं आधी.
तीस. एकेचाळीस. बावन्न, आणि
गप्प.
राहिले गप्प.
एकोणसाठला हात थरथरला तो आनंदानं.

रविवारी हाचिया आले,
पाठीवर घोंगडीत बांधलेला जुना खोका-टीव्ही,
तीन मजले, लिफ्ट नाही.
‘हा खोटं बोलत नाही,’ म्हणाले धापा टाकत.
खेळले. अकराव्या ठोक्यालाच बाद.
पुन्हा. नवव्या.
खरं बोलणाऱ्यासमोर मी आगाऊ ठरत होते.
त्यांनी तीनदा माफी मागितली, दोन कप चहा घेतला.
टीव्ही परत न्यायचं बळ त्यांच्यात नव्हतं,
न्या म्हणायचं माझ्यात.
आता त्यावर भाताचा कुकर असतो.

बुधवारी सकाळी, उशिरा बोलणाऱ्या टीव्हीवर,
चौसष्ट.
फटाके नाहीत, काही नाही. फ्रिज घरघरत होता.
नावाड्यानं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नवं वाक्य काढलं:
‘चढा. पाणी गार आहे, हात आत ठेवा.’
एकेक करून सगळे चढले,
कोल्हा सगळ्यात शेवटी, शेपट्या आवरत.
मी खेळ जतन केला आणि झोपले.
राजाला आणखी एक दिवस दिला.

त्या रात्री पट्ट्यावर
माझा हात डब्याच्या आधी गेला.
लाल, ओलं, एकटं उमे
रबरी पट्ट्यावरून ऐटीत निघालं,
मागून त्याचा रिकामा भात.
टोकाला हाचियांनी ते येताना पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं,
आणि झाकण हातात तसंच धरून
एक मात्रा थांबले.